एक डोळा रिकामा

सोमवार, ४

मास्तरांचा हुकूम: रोज एक पान लिहायचं, शुद्धलेखन सुधारायला. झालं असं, की खोक्यांवर टाकायचं ‘सांभाळून उचला’ मी कापताना ‘सांभाळून उचलला’ असं कापलं. अख्खा लॉट तसाच गेला. मास्तर ओरडले, “उचलला? कोणी उचलला? चोराने? आणि वर सांभाळून?” सगळा कारखाना हसला. मी पण हसलो, तेव्हा कान पिरगाळला.

आमचा कारखाना लाकडी खोक्यांचा. मशीनचे भाग त्यात बसून परगावी जातात. मास्तर खोक्यांवर अक्षरं, बाण, नंबर टाकतात आणि मी त्यांच्या हाताखाली. पत्र्यात आकार कापायचा, पत्रा लाकडावर धरायचा, रंगाचा स्पंज थोपटायचा, पत्रा उचलायचा. याला स्टेन्सिल म्हणतात. याच्यापुढे माझं शिक्षण नाही.

मास्तर ही वही वाचणार नाहीत, लांबून पान भरलंय का एवढंच बघणार. त्यांचा चष्मा हरवलाय. कुठे हरवलाय ते मला माहीत आहे. म्हणून इथे काहीही लिहिता येतं.

बुधवार, ६

आज मी एक चीज बनवली. जेवणाच्या सुट्टीत, सगळे पेंगत असताना.

एक तोंड. भुवया खाली ओढलेल्या, दात करवतीसारखे, एक कान मोठा, एक चिमणीएवढा. डावा डोळा भरलेला, बुबुळासकट. उजव्या डोळ्याचं नुसतं कडं, आत रिकामं. का? कारण आमच्या बिल्डिंगच्या प्रत्येक दाराला बाहेर कोण आलंय ते बघायचं बारीक भिंग आहे. कडं बरोबर त्या भिंगाभोवती बसवायचं. मग भिंगच बुबुळ. आतला माणूस भिंगाला डोळा लावून आला की ते काळं होणार, बाजूला झाला की परत चमकणार. म्हणजे दारावरचं भूत डोळा मारणार! माझ्या डोक्यात हे कुठून आलं देव जाणे. मी स्वतःवरच खूश होऊन दोन मिनिटं एकटा हसत बसलो.

पत्रा मास्तर मोजून ठेवतात, म्हणून आईच्या गुडघ्याचा एक्स-रे घेतला. जुना आहे. फिल्म जाड, मस्त कापली जाते. तोंडाच्या कपाळावर अजून आईची गुडघ्याची वाटी दिसते.

एका फुटक्या फळीवर छाप मारून बघितला. तेवढ्यात मागून आवाज, “हे कोणी काढलं?”

शेंडी! आई घरी बसून ज्यांच्या दप्तरांची शिलाई करते त्या शेठचा भाचा. केस मागे बांधतो म्हणून शेंडी. खोकी सांगायला आला होता. मला वाटलं मास्तरांकडे चुगली करणार. मी म्हटलं, “कोणी नाही. फळीवर आधीपासून आहे.”

“म्हणजे कोणाचंच नाही?”

“कोणाचंच नाही.”

त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि गेला. वाचलो.

शनिवार, ९

हात अजून थरथरतोय, म्हणून अक्षर असं येतंय.

शनिवारी आमची अर्धी सुट्टी. दुपारी बिल्डिंग कशी असते, खालपासून वरपर्यंत घोरते. मी चपला काढल्या. डबीत खोक्यांचा काळा रंग, खिशात स्पंज, शर्टाच्या आत एक्स-रे. वरून सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, त्यांच्या बाजूचे, मग आमच्या समोरच्या वकीलबाई, मग खालचा मजला. लावला, थोपटला, उचलला. काय दिसत होतं ते तोंड! प्रत्येक दाराला दात आले.

शेवटी आपलं दार. आपलंच कोरं राहिलं तर कोणीही ओळखेल, एवढं डोकं मला आहे. आई आत झोपली होती. स्टेन्सिल धरली, स्पंज थोपटला, आणि उजव्या कड्यातलं भिंग काळं झालं.

मग परत चमकलं.

मी जागच्या जागी दगड. आत तर कोणी जागं नाही. म्हणजे तोंडाने खरंच डोळा मारला? मला? मी काढलेल्या तोंडाने? स्टेन्सिल सटकली, छाप तिरका आला. मी धावत गच्चीवर गेलो आणि टाकीमागे बसून राहिलो. स्टेन्सिल तिथेच टाकीच्या विटांमध्ये सारली.

संध्याकाळी घरी आलो तर आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “झाली का हुंदडून?” एवढंच.

रविवार, १०

सकाळी आजोबांनी दार उघडलं आणि अशी बोंब ठोकली की खालची माणसं दाढीचा फेस घेऊन वर आली. पहिला तासभर नुसती मजा. मी पण दोन्ही हात डोक्यावर ठेवून “अरे बापरे, आमच्या पण दारावर!” केलं. फर्स्ट क्लास केलं.

मग कोणीतरी म्हणालं, “ही चोरांची खूण असते. आधी दारं हेरून जातात, मग येतात.”

बास. त्याच्यानंतर कोणी हसलं नाही. आजोबा एकटे राहतात. ते खुर्ची दाराला लावून बसलेत म्हणे. लोक दारं घासतायत, पण हा रंग पाण्याने जात नाही, मला विचारा. फक्त वकीलबाईंनी घासलं नाही. “राहू दे, पुरावा आहे,” म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघून, “हो की नाही रे काड्या?”

काड्या म्हणजे मी. सगळे हेच म्हणतात. मी म्हटलं, “हो तर.” आवाज चिमणीसारखा आला.

बुधवार, १३

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं.

दारोदार ब्रश विकणारा एक माणूस जिन्यात आला होता. बारीकसा, पाठीवर पिशवी. कोणीतरी विचारलं, पिशवीत काय? ब्रश. ब्रश! झालं. रंगवायचे नसून बाटल्या धुवायचे होते, पण ऐकतो कोण? शर्ट फाडला, दोन-चार लगावल्या. तो म्हणत होता, “साहेब, मी आज पहिल्यांदा आलो या गल्लीत.” वकीलबाई मधे पडल्या म्हणून सुटला. त्याचे ब्रश पायऱ्यांवर लोळत खालपर्यंत गेले.

मी वरच्या पायरीवर होतो. तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं. आवाजच निघाला नाही. म्हणजे आता जो कोणी सापडेल त्याचं हे असं होणार. त्याने काही केलं नव्हतं, तर हे. मी तर केलंय.

गुरुवार, १४

गच्चीवर गेलो, स्टेन्सिल जाळून टाकायला.

नाही.

विटा आहेत, स्टेन्सिल नाही. टाकीभोवती रांगून बघितलं, खाली गटारात बघितलं. कोणीतरी घेतली. म्हणजे कोणालातरी माहीत आहे! गच्चीवर तर कपडे वाळत घालणाऱ्या बायका सोडून कोणी फिरकत नाही. कोण असेल? जिन्यात जो भेटतो तो माझ्याकडे बघून हसतोय असं वाटतं. दूधवाला पण हसला. दूधवाला का हसला?

आईला एक्स-रेचं काय सांगायचं याची पण थाप तयार करून ठेवली होती. डॉक्टरने जुना फोटो मागितलाय म्हणून आठवडाभर घर उपसत होती. पण आता दोन दिवस झाले, विचारतच नाही. विसरली वाटतं. तेवढं एक बरं झालं.

मंगळवार, १९

मास्तरांना चष्मा सापडला. पहिलं वाक्य: “तुझी वही आण.” मी म्हटलं घरी राहिली. उद्यापासून ही वही शर्टाच्या आत.

गुरुवार, २१

काय लिहू. कुठून सुरू करू.

आई शेठकडून शिलाईचा नवा गठ्ठा घेऊन आली. मशीनजवळ सोडला आणि पाणी प्यायला आत गेली. मी सहज गाठ सोडली. वर, कापलेल्या निळ्या कापडावर, तोंड! माझं तोंड. भुवया, करवतीचे दात, चिमणीएवढा कान. खाली दुसरं. त्याच्या खाली अजून. सगळा गठ्ठा माझ्याकडे बघत होता. आणि प्रत्येकाचा उजवा डोळा रिकामा. अरे, दप्तराला कुठलं भिंग? शेंडीने फोटोत जे होतं ते जसंच्या तसं उचललं! सांभाळून उचललं.

एकदम छाती फुगली. खोटं नाही सांगत. छापल्यावर काय दिसत होतं ते!

मग आत शिवायचं लेबल बघितलं. ‘हे चित्र आमची मालमत्ता आहे. नक्कल करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल.’

मी तीनदा वाचलं. म्हणजे मी नक्कल करणारा? दारांवरचं तोंड त्यांच्या मालमत्तेची नक्कल? म्हणजे बिल्डिंगवाले मारणार ते वेगळं, आणि शेठ कोर्टात खेचणार ते वेगळं?

आई मागे उभी होती. तिने एक कापड उचललं, खिडकीजवळ नेलं, बराच वेळ बघितलं. म्हणाली, “एक डोळा राहिलाय बघ.”

मी म्हटलं, “हं.”

“कोणी काढलं असेल रे?”

“मला काय माहीत.”

तिने कापड परत ठेवलं आणि गठ्ठ्याची गाठ मारली. घट्ट.

शनिवार, २३

आई मशीनवर बसतच नाही. विचारलं तर म्हणते हात दुखतो. मी म्हटलं तेल लावून देतो, तर म्हणाली, “तेलाने जाणारं दुखणं नाही.” गठ्ठा कोपऱ्यात तसाच. काल शेजारणीची उशी मात्र शिवून दिली तिने. हात दुखत असताना. आजारी माणसाचं काही कळत नाही.

शेठने निरोप पाठवलाय: पुढच्या रविवारपर्यंत शिवा, नाहीतर माल परत करा आणि पुन्हा कामाला येऊ नका.

आता आईचं काम पण जाणार. तिला सांगायला पाहिजे की तिचं दुखणं बरं होईपर्यंत मी शिवतो. पण मला ते तोंड शिवायला जमेल का? सुई डोळ्यात टोचायला लागेल.

रविवार, २४

हुशारी केली. वकीलबाईंकडे गेलो, पण माझं नाव कुठेच येऊ दिलं नाही.

“माझा एक मित्र आहे,” मी म्हटलं.

“असणारच,” त्या म्हणाल्या. “बस.”

“त्याने एक चित्र काढलं. ते दुसऱ्या कोणीतरी छापलं आणि वर लिहिलं, नक्कल केली तर कारवाई. तर मित्राला पकडतील का?”

“मित्राने आधी काढलं?”

“हो.”

“कशात बघून?”

“कशातच नाही. डोक्यातून. डोकं जरा हे आहे त्याचं.”

“मग कशाला पकडतील? चित्र त्याचंच आहे. याला कॉपीराइट म्हणतात. चित्र काढून झालं की त्याच क्षणी हक्क लागतो. अर्ज नाही, शिक्का नाही.”

“पण त्याने कुठे नोंदवलं नाही.”

“नोंदवलं असतं तर दाखवायला सोपं गेलं असतं. नाही नोंदवलं म्हणून हक्क जात नाही.”

“खाली नाव पण नाही टाकलं.”

“का?”

“लाजाळू आहे.”

“हो का.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “नाव नसलं तरी चित्र त्याचंच. हे बघ, भुताचं तोंड काढायचं ही कल्पना कोणाच्या बापाची नाही. तू काढ, मी काढते. पण हीच भुवई, हेच दात, हाच रिकामा डोळा, हे ज्याने घडवलं त्याला विचारल्याशिवाय छापता येत नाही.”

मी चित्र भुताचं आहे हे सांगितलं होतं का? सांगितलं असेल.

“आणि समजा तो घाबरून कोणाला म्हणाला, की हे कोणाचंच नाही?”

“घाबरून बोलला म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. बरं, कामावर काढलं का? मालकाने सांगून? तसं असेल तर मालक पण हक्क सांगू शकतो.”

“छे! मास्तरांना कळलं तर त्याच स्टेन्सिलमधून गाळून काढतील. जेवणाच्या सुट्टीत काढलं.” मग मी जीभ चावली. “असं मित्र म्हणाला.”

“बरं. मित्र.”

शेवटचं विचारायला मला फार वेळ लागला. “ते चित्र जर दुसऱ्याच्या भिंतीवर काढलं असेल तर?”

“भिंतीवर की दारावर?”

“द... भिंतीवर.”

“दार त्यांचं. चित्र त्याचं. दोन वेगळ्या गोष्टी.”

“म्हणजे चित्र पण त्याचं आणि मार पण त्याचा?”

वकीलबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “एकाच गाठोड्यात येतं ते. चित्र माझं म्हणायचं तर आधी म्हणायला लागतं, मी काढलं. ते त्याच्या वतीने मी नाही म्हणू शकत. त्याला सांग, पुढचं मी बघेन. पण तो एक शब्द त्याचा.”

बाहेर आलो. एक समाधान आहे, त्यांनी काही ओळखलं नाही. एवढ्या शिकलेल्या, पण भोळ्या.

बुधवार, २७

आज हिंमत करून शेठच्या दुकानी गेलो. ठरवलं होतं, सरळ सांगायचं, हे चित्र माझं, आईला काम राहू दे. शेंडी गल्ल्यावर बसला होता. मागे भिंतीवर माझं तोंड, काचेत लावलेलं, वर छोटा दिवा. त्याने विचारलं, “काय रे?”

मी म्हटलं, “पाणी मिळेल?”

पाणी प्यायलो. दोन ग्लास. परत आलो.

शुक्रवार, २९

रात्री स्वप्नात सगळे दरवाजे उघडले आणि प्रत्येकातून ब्रशवाला बाहेर आला. सगळ्यांनी मला दप्तर शिवायला बसवलं.

आजोबांनी दाराला नवीन साखळी लावली आहे. आता ते आवाज आला की काठी आपटतात. आज मी त्यांचं सामान वर नेऊन दिलं तर साखळीच्या फटीतून म्हणाले, “तू आहेस होय. तुझं बरं आहे बाबा, तुला कशाची भीती नाही.”

रविवार, ३१

एका झटक्यात लिहितो, नाहीतर जमणार नाही.

सकाळी आई म्हणाली, “ते लोक गठ्ठा न्यायला येतायत. तू बाहेर जाऊ नकोस.” मी म्हटलं, मी कशाला जाऊ. आणि गुपचूप गच्चीकडे निघालो. दोन पायऱ्या चढलो तोवर खालून शेंडी आला. खांद्यावर नवं कोरं दप्तर, तोंड पुढे करून. नमुना म्हणून मिरवत होता. शेठ खाली गाडी लावत होते.

शेंडी आमच्या मजल्यावर आला, वळला, आणि समोर वकीलबाईंचं दार.

“ए!” तो ओरडला. “हे कोणी केलं? माझं डिझाइन आहे हे! चोरी आहे ही!”

आजोबा काठी टेकत खाली येत होते. ते थांबले. “काय म्हणालास? कोणाचं?”

“माझं! मी काढलंय. हे बघा ना.” त्याने दप्तर पुढे धरलं.

“तू काढलंस,” आजोबा म्हणाले. “नक्की?”

“शंभर टक्के!”

काठी कठड्यावर जी आपटली! “या रे सगळे! सापडला!”

दारं उघडली, खालून-वरून माणसं आली. ब्रशवाल्याच्या वेळी होती तीच. शेंडीला काही कळेना. आधी त्याला वाटलं कौतुक करतायत. तो वकीलबाईंच्या दाराला टेकला आणि त्याच्या कानाजवळ तोंडाचा उजवा डोळा काळा झाला. परत चमकला. शेंडी किंचाळला. दार उघडून वकीलबाई बाहेर.

“एकच विचारते,” त्या म्हणाल्या. “हा डोळा रिकामा का ठेवलास?”

“ते... आर्ट आहे. अपुरी नजर.”

“अपुरी नजर.” त्यांनी त्याच्या खांद्यावरचं दप्तर काढलं, दारावर धरलं. कडं बरोबर कड्यावर बसलं, करवतीचा दात दातावर. “याला अपुरी नजर म्हणत नाहीत. इथे दाराचं भिंग येतं. ज्याने हे काढलं त्याने दारासाठी काढलं. तूच काढलंस म्हणतोस ना?”

कोणीतरी शेंडीची कॉलर धरली. शेठ धापा टाकत वर आले, “सोडा त्याला! लेबल वाचलं नाही का? हे चित्र आमची मालमत्ता—”

“मग दारं पण तुमचीच करामत!” आजोबा गरजले.

शेठनी दार बघितलं, माणसं बघितली, काठी बघितली. “नाही, नाही. आमचा या चित्राशी काही संबंध नाही.”

“हे लिहून द्याल?” वकीलबाई पटकन म्हणाल्या.

“मी फोटो काढला फक्त!” शेंडी रडायला आला होता. “फळीवर होतं! कोणाचंच नव्हतं ते!”

“कोणाचंच नाही असं चित्र नसतं. हात लागलेला असतो कोणाचा तरी.” वकीलबाईंनी वर बघितलंच नाही. दप्तराकडे बघत राहिल्या. “कोणाचा?”

कॉलर धरलेल्याने दुसरा हात उचलला. मी पायऱ्यांवर, कठड्याला धरून. तसाच वर सटकलो असतो की गच्ची. तोंड तसंच बिनमालकाचं राहिलं असतं. शेंडीने मार खाल्ला असता, त्याने चोरलं होतं, त्याला पडल्या तर मला काय. असं सगळं डोक्यात आलं. आणि ते ब्रश आठवले, एकेक पायरी उतरत गेलेले.

मी म्हणालो, “माझं आहे.”

आवाज एवढा बारीक आला की फक्त आजोबांनी ऐकलं. ते बहिरे आहेत म्हणतात ते खोटं.

“काय?”

“ते माझं आहे. तोंड. फळीवरचं पण माझं, दप्तरावरचं पण माझं. आणि दारावरचं.” मी कठडा सोडला. “दारं तुमची. चित्र माझं.”

हे शेवटचं कशाला बोललो कोण जाणे. तोंडात आलं ते गेलं.

आजोबा म्हणाले, “खाली ये.”

गेलो. सात-आठ माणसं, सगळी माझ्याकडे वळलेली. आजोबांनी काठी उचलली. मी डोळे मिटले. काठी आली ती पोटरीवर, एकच, पण अजून ठणकतेय. मग म्हणाले, “मी तीन आठवडे बसून झोपलोय. खुर्चीत. कळतंय का तुला?” त्यांचा हात थरथरत होता. भीतीने थरथरतो तसा. माझ्यासारखा.

कॉलर धरणाऱ्याने शेंडीला सोडलं आणि मला धरलं. तेव्हा माणसांमधून आई आली. ती माझ्या पुढे उभी राहिली, तिचा तो दुखरा गुडघा घेऊन, आणि गठ्ठा शेठच्या पायाशी ठेवला. “मोजून घ्या. एक पण शिवलेलं नाही.”

सोमवार, १

मास्तरांकडून रंग काढायचं थिनर मागून आणलं. सगळं सांगायला लागलं. ते चष्म्यातून बघत राहिले आणि म्हणाले, “कड्याला आतून पूल ठेवले होतेस का? नाहीतर मधला तुकडा गळून पडतो.” मी म्हटलं ठेवले होते. “मग ठीक,” म्हणाले, आणि कान पिरगाळला.

संध्याकाळी दारं पुसायला लागलो. आधी आजोबांचं. ते साखळी काढून खुर्ची टाकून समोर बसले, एकेक दात जाईपर्यंत. पुढच्या रविवारी आजोबांना घेऊन ब्रशवाल्याला शोधायला जायचंय. आजोबा म्हणतात पाय माझे धरायचे नाहीत, त्याचे धरायचे. मला त्याची भीती काठीपेक्षा जास्त वाटतेय. तो काय म्हणेल?

वकीलबाईंनी शेठला कागद धाडलाय: छपाई थांबवा, छापलेला माल विकायचा तर परवानगी घ्या, मोबदला ठरवा, आणि लेबलवर नाव टाका. नाव काय लिहू म्हणून मला विचारलं. मला खरं नाव लिहायची हिंमत झाली नाही. म्हटलं, काड्या लिहा. त्या म्हणाल्या, “चालतं. टोपणनावाला पण तोच कायदा.” शेठचं उत्तर अजून नाही. मोठे वकील करणार म्हणतात, हरलो तर काय होतं हे मी विचारलं नाही. आईला दुसरीकडून काम आलेलं नाही. मशीनवर कापड टाकून ठेवलंय तिने, मेलेल्या माणसावर टाकतात तसं. ते बघवत नाही.

सगळ्यात शेवटी आपलं दार. थिनरचा बोळा लावणार, तेवढ्यात आई बाहेर आली.

“हे राहू दे,” म्हणाली.

“का?”

“आपलं दार आहे. माझी हरकत नाही.” ती जरा मागे सरकून, मान कलती करून बघायला लागली. “वकीलबाईंच्या दारावरचं झकास आलंय. आपलं तिरकं आलं. घाबरलास तू.”

“तुला काय माहीत मी घाबरलो ते?”

आई आत गेली. मशीनचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात स्टेन्सिल होती, स्वच्छ पुसलेली, कपाळावर गुडघ्याची वाटी, खाली कोपऱ्यात आईचं नाव.

“वकीलबाईंना दाखवायला लागेल ना, म्हणून ठेवली. पण काम झालं की माझा गुडघा मला परत दे,” ती म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर, हातात बोळा. समोर तोंड. उजव्या कड्यातलं भिंग चमकत होतं.

मग काळं झालं.